चावीच्या घड्याळाने दाखवलेली वाट

माझ्या ब्राउझरमध्ये 'नंतर बघायचं' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात ४११ दुवे होते. 'शिकण्यासाठी ५० उत्तम वेबसाइट' अशी यादी कुठेही दिसली की मी ती अख्खी जतन करायचे. करताना बरं वाटायचं, काहीतरी कमावल्यासारखं. एका सुट्टीच्या दिवशी हे फोल्डर वरपासून खालपर्यंत उघडायला घेतलं. कितीतरी दुवे मेलेले निघाले, काहींच्या जागी भलत्याच जाहिराती आल्या होत्या. जिवंत होत्या त्यांतल्या बऱ्याच साइट खरंच चांगल्या होत्या. खान अकॅडमी होती, एमआयटीचे मोफत अभ्यासक्रम होते, प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तकं होती. पण यातलं एकही मी कधी पाच मिनिटांच्या वर पाहिलं नव्हतं. कोणत्याच दुव्याच्या मागे माझा स्वतःचा प्रश्न नव्हता, म्हणून तो उघडून करायचं काय, हेच कळत नव्हतं.

प्रश्न आला तो भाचीकडून. माझ्या वडिलांचं चावीचं मनगटी घड्याळ तिच्या हाती लागलं होतं. चावी देऊन तिने ते कानाला लावलं आणि विचारलं, "आत्या, आपण चावी तर एकदाच दिली. मग ती सगळी एकदम का संपत नाही गं? आत कोण तिला थोडी थोडी सोडतंय?"

मला उत्तर येत नव्हतं. स्प्रिंग असते, चाकं असतात, एवढंच माहीत. आम्ही दोघी शोधायला बसलो.

पहिल्या प्रयत्नात 'घड्याळ कसं चालतं' असं टाकलं. वर घड्याळं विकणारी दुकानं, खाली एकमेकांवरून उतरवलेले वाटावेत असे लेख. दुसऱ्या प्रयत्नात इंग्रजीत तेच टाकलं, तरी तीच गत. मग विकिपीडिया उघडला आणि तिथे तो शब्द मिळाला: एस्केपमेंट. स्प्रिंगची ताकद ठराविक तुकड्यांत सोडणाऱ्या यंत्रणेचं हे नाव. तो शब्द मिळाल्यावर शोधाचं रूपच बदललं. दुकानं नाहीशी झाली आणि जुन्या हस्तपुस्तिका, कारागिरांची टिपणं, संग्रहालयांची पानं दिसायला लागली. शब्दाभोवती अवतरणचिन्हं घातली की नेमका तोच शब्द असलेली पानं येतात, आणि नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह लावलं की ती पानं गळतात, हे मला आधीही ठाऊक होतं. पण वापरायला हाती योग्य शब्द नव्हता. आता मी कुठल्याही विषयात आधी त्या कामातली माणसं त्या गोष्टीला काय म्हणतात तेच शोधते. त्यासाठी विकिपीडियाचा पहिला परिच्छेद आणि पानाच्या तळाचे बाह्य दुवे हे दोन्ही मी कधी चुकवत नाही. मधला मजकूर एखादेवेळी चाळला तरी चालतो.

असं करत करत आम्ही बार्तोश चेहानोव्स्की यांच्या पानावर पोचलो. वस्तू कशा चालतात ते हलत्या चित्रांतून समजावणारे लेख ते लिहितात. 'यांत्रिक घड्याळ' या विषयावरचा त्यांचा २०२२ सालचा लेख आहे. एकच लांबलचक पान. नाव-नोंदणी नाही, जाहिरात नाही, मध्येच उडी मारून येणारी खिडकी नाही. पहिल्या चित्रात अख्खं घड्याळ, आणि ते बोटाने ओढलं की फिरतं. त्याखालची पट्टी सरकवली की घड्याळाचे थर एकमेकांपासून सुटे होतात. मजकुरात ज्या भागाचं नाव येतं तो शब्द ज्या रंगात आहे, त्याच रंगात तो भाग चित्रात रंगवलेला. त्यामुळे 'हा कुठला बरं?' म्हणून वर-खाली शोधावं लागत नाही.

भाची ज्या चित्रापाशी थबकली ते सांगते. दात्यांचं एक चाक आहे, त्याला स्प्रिंगची ताकद सतत पुढे ढकलत असते. त्याच्यासमोर एक छोटा काटा (वेळ दाखवणारा नव्हे), दोन टोकांना माणकाचे दोन बारीक तुकडे बसवलेला. एक तुकडा चाकाच्या दात्यासमोर आडवा येतो आणि चाक अडतं. बाजूला केसाइतक्या बारीक स्प्रिंगवर झुलणारं एक चाक असतं, ते परत येताना काट्याला धक्का देतं. काटा कलतो, दाता सुटतो, सुटताना काट्याला जाता जाता एक रेटा देऊन जातो, आणि तेवढ्यात पलीकडचा माणकाचा तुकडा पुढच्या दात्याला अडवतो. अडवल्याचा आवाज म्हणजे टिक. भाचीने त्या चित्राखालची पट्टी इतकी हळू सरकवली की एक टिक पुरी व्हायला अर्धं मिनिट लागलं. मग तीच पुन्हा उलटी. असं किती वेळा केलं असेल! "म्हणजे आवाज चालण्याचा नाहीच, थांबण्याचा आहे," ती म्हणाली. हे वाक्य त्या पानावर नव्हतं. ते तिचं होतं, आणि मला त्या दिवसाचं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

त्यानंतर आम्ही घड्याळ फोनच्या माइकवर ठेवून दहा सेकंद आवाज टिपला आणि ध्वनीची आकृती मोठी करून तिच्यातले उंचवटे मोजले. पन्नास. सेकंदाला पाच. जुन्या मनगटी घड्याळांत तासाला १८,००० ठोके हा प्रचलित वेग होता, आणि १८,००० भागिले ३,६०० म्हणजे बरोबर पाच. पडद्यावर वाचलेली गोष्ट टेबलावरच्या वस्तूत तंतोतंत उतरलेली बघणं हा काय आनंद असतो, ते मी फार वर्षांनी अनुभवलं.

त्या रात्री मी ते ४११ दुव्यांचं फोल्डर पुसून टाकलं आणि एक साधी वही घेतली. एका पानावर प्रश्न, त्याखाली शोधताना कामी आलेले शब्द, त्याखाली जिथे उत्तर मिळालं ती जागा. बस.

दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघाला: भिंतीवरच्या घड्याळात लंबक जड केला तर ते हळू चालेल का? यासाठी फेट नावाच्या साइटवर गेलो. कार्ल वीमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. तिथे विज्ञानाचे आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर करता येतात, त्यांतले बरेचसे मराठीतही आहेत. लंबकाच्या प्रयोगात वजन वाढवा, कमी करा, झोका घ्यायला लागणारा वेळ बदलत नाही. दोरी लांबवली की मात्र लगेच बदलतो. लंबक चंद्रावर नेता येतो, गुरूवर नेता येतो, आणि 'एक्स' नावाच्या एका ग्रहावरही, ज्याचं गुरुत्व सांगितलेलंच नाही. ते आपण झोके मोजून काढायचं. भाचीने दहा झोक्यांचा वेळ घेऊन, सूत्र उलटं फिरवून ते काढलं. मला हिशेबात तिची मदत घ्यावी लागली.

मधल्या काळात एक फटकाही बसला. एका साइटने 'मोफत अभ्यासक्रम' म्हणून फोन नंबर मागितला, मी दिला, आणि पुढचे दोन महिने रोज फोन. पानावर एक घड्याळ उलटं मोजत असायचं, 'सवलत संपायला इतकी मिनिटं'. पान पुन्हा उघडलं की तेच घड्याळ पहिल्यापासून सुरू. तेव्हापासून मी नव्या साइटवर गेल्यावर आधी तीन गोष्टी बघते. लिहिणारा कोण आहे हे सांगितलंय का, कधी लिहिलं त्याची तारीख आहे का, आणि माहिती कुठून घेतली ते दिलंय का. तिन्ही नसतील तर पान कितीही देखणं असो, मी मागे फिरते. घाई करायला लावणाऱ्या साइटवर तर थांबतच नाही.

दुसरा फटका वेगळा होता आणि जास्त लागला. एका घड्याळजीने आपल्या दुरुस्त्यांची टिपणं स्वतःच्या छोट्या साइटवर ठेवली होती, हाताने काढलेल्या आकृत्यांसकट. मी अर्धी वाचली, उरलेली पुढच्या आठवड्यात वाचू म्हटलं, आणि पुढच्या आठवड्यात साइट नव्हती. नुसतं कोरं पान. एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामाचा पत्ताच पुसला जावा तसं वाटलं. मग वेबॅक मशीन आठवलं. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं, तेव्हापासून तिथे जगभरातल्या पानांच्या प्रती साठवल्या जाताहेत, आणि २००१ पासून वेबॅक मशीनमधून त्या कुणालाही बघता येतात. मेलेला पत्ता तिथल्या चौकटीत टाकला. एक दिनदर्शिका उघडली, आणि ज्या तारखांना प्रत घेतली होती त्या तारखांवर ठिपके. त्यातला एक दाबला आणि ती टिपणं परत आली. काही आकृत्या हरवल्या होत्या, तिथे रिकाम्या चौकटी होत्या, पण मजकूर शाबूत होता. तिथेच कोणत्याही पानाची प्रत आपण स्वतःही जतन करायला लावू शकतो. आता आवडलेलं पान मी वहीत लिहिते त्याच बैठकीत तेही करते. मिनिटभराचं काम आहे.

पूर्वी लोक साइट कशा शोधत असतील, याची मला मग उत्सुकता वाटायला लागली. १९९४ मध्ये याहू सुरू झालं ते दोन विद्यार्थ्यांनी हाताने केलेली यादी म्हणून. १९९८ पासून डीमॉझ नावाची सूची स्वयंसेवक विषयवार लावत होते, ती २०१७ मध्ये बंद झाली. एक बटण दाबलं की आवडीच्या विषयातलं अनोळखी पान समोर आणणारं स्टंबलअपॉन २०१८ मध्ये गेलं. माणसाने माणसासाठी निवडलेलं काही सापडण्याची जागा कमी होत गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती संपलेली नाही. मार्जिनेलिया नावाचं शोधयंत्र मुद्दाम मजकूरप्रधान, बिगरव्यापारी साइटना पुढे आणतं. विबी जुन्या वळणाची साधी पानं शोधतं आणि त्याच्यावर 'चकित करा' असा एक दुवा आहे. रात्री झोपण्यापूर्वी मी तो पाचदा दाबते. चार वेळा काही हाती लागत नाही.

आणि कधीकधी प्रश्न नसतानाही नुसतं बघावंसं वाटतं, त्यासाठी दोन जागा मी ठेवल्या आहेत. एक, नासाच्या साइटवरचं 'आजचं खगोलचित्र'. रॉबर्ट नेमिरॉफ आणि जेरी बॉनेल या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १६ जून १९९५ ला ते सुरू केलं. एक चित्र आणि खाली चार-सहा ओळी. पण त्या ओळींतला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द दुसरीकडे नेणारा दुवा असतो. मला मिळालेल्या निम्म्या चांगल्या साइट त्या दुव्यांतूनच आल्या आहेत.

दुसरी जागा अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या १६४२ सालच्या भव्य चित्राचे ८,४३९ फोटो काढून आणि जोडून त्यांनी २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१,७०० कोटी ठिपक्यांची, एकच प्रतिमा सर्वांसाठी खुली केली. आधी अख्खं चित्र दिसतं, माणसांची गर्दी. मग जवळ जात जावं. चेहरा, मग डोळा, मग डोळ्यातली चमक, मग ती चमक म्हणजे रंगाचा एक जाड ठिपका, मग त्या ठिपक्यावरच्या भेगा. मी चित्रकार नाही, पण एक माणूस ब्रश टेकवतो आणि उचलतो ती हालचाल मला तिथे दिसली. त्यानंतर तीन दिवस मी काही नवं उघडलं नाही. गरजच वाटली नाही.

अलीकडे आम्ही झूनिव्हर्सवर जातो, शास्त्रज्ञांच्या कामात सामान्य लोकांनी मदत करायची ही साइट. त्याची सुरुवात २००७ मध्ये गॅलेक्सी झू म्हणून झाली, दीर्घिकांचे फोटो बघून त्यांचे आकार सामान्य लोकांनी ओळखायचे. त्याच वर्षी हानी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळाशिक्षिकेला अशाच एका फोटोत एक विचित्र ढग दिसला, कुणालाही माहीत नसलेला, आणि आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. भाचीला ही गोष्ट सांगितल्यापासून ती कुठलाही फोटो घाईने पुढे ढकलत नाही. कोपरे आधी बघते.

वहीत आज २३ प्रश्न आहेत आणि त्यांच्याखाली मिळून १९ साइट, कारण काही जागा पुन्हा पुन्हा कामी येतात. गेल्या आठवड्यात भाची शिलाई मशीनसमोर बसली होती. सुई एकदा खाली जाऊन वर येते, दोऱ्याची दोन्ही टोकं तर बांधलेली, मग वरचा दोरा खालच्या दोऱ्याभोवती जातोच कसा, हा तिचा प्रश्न. मी फोन हातात घेतला तर म्हणाली, "थांब ना आत्या, आधी नाव बघूया." तिने खालचं झाकण सरकवलं, आतला भाग बाहेर काढून तळहातावर घेतला, त्याच्यावर कोरलेली बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली आणि वहीचं नवं पान काढून त्यावर लिहिलं: शटल. बॉबिन. बॉबिन केस.