फॉर्मवर ‘घर बंद’

बडोद्यात युनिव्हर्सिटीच्या ज्या सेंटरमध्ये मी फील्डचं काम करते तिथं सध्या बायकांच्या ॲनिमियाचा सर्व्हे चालू आहे. गुजरातेत १५ ते ४९ वयाच्या बायकांमधे ॲनिमिया २०१५-१६ ला ५५ टक्क्यांच्या आसपास होता, २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्व्हेत तो ६५ वर गेला, आणि आमच्या एका वॉर्डाचे आकडे मात्र बरेच चांगले येत होते. सगळे खूष.

मग आमच्या डेटा एन्ट्रीच्या मावशी (दांडिया बाजारातल्या, अख्खं सेंटर त्यांना मावशीच म्हणतं) फॉर्मचा गठ्ठा घेऊन मॅडमकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, ‘घर बंद’वाले सगळे फॉर्म त्या नव्या बिल्डिंगांच्या मागच्या झोपड्यांचेच कसे हो?" आता तिथं दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआकडून आलेली मजूर कुटुंबं राहतात, नवराबायको दोघंही सकाळीच कडियानाक्यावर (रोजंदारीचे मजूर कामासाठी उभे राहतात तो नाका) जातात, आणि आमची टीम पोचते अकराला. म्हणजे सगळ्यात कष्टाचं काम करणाऱ्या बाया हिशोबातूनच गळत होत्या आणि सरासरी छान दिसत होती. मॅडमनी त्याच दिवशी वेळ बदलली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिथं. चुली पेटलेल्या, रोटले चाललेले. ड्रायव्हरकाका दाहोदकडचे, त्यांना भिली येते, म्हणून बाया बोलल्या तरी, माझ्या गुजरातीला नुसत्या माना हलवत होत्या. एकीला आठवा महिना होता. टेक्निशियननं बोटाला टोचून मशीन लावलं तर हिमोग्लोबिन ६.४. गरोदरपणात ११ च्या खाली ॲनिमिया धरतात आणि ७ च्या खाली गंभीर, त्यात आठवा महिना म्हणजे लगेच ॲडमिट करायची केस, बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तरी जीवावर बेतू शकतं. आणि ती विटा उचलायला निघाली होती! दम लागतो का विचारलं तर म्हणे, सगळ्यांनाच लागतो.

ममता कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) होतं तिच्याकडे, पण गावचं. तिथल्या आशाबेनच्या यादीत ती आहे पण गावात नाही, इथं आहे तर इथल्या यादीत नाही. याचा मला फार राग येतो, कारण लोहाच्या गोळ्या, तपासणी, सगळं फुकट आहे, फक्त ती कुठल्या पत्त्यावर सापडते यावर सगळं अडतं.

हॉस्पिटलला चल म्हटलं तर नाही म्हणाली, रोजी बुडेल. काका तिच्याजवळ जमिनीवर बसले, नवऱ्याशी बोलले, मुकादमाला फोन लावून तिची जागा राखून ठेव म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं ती गाडीत बसली. टेक्निशियन सोबत गेला, केसपेपर काढण्यापासून बेड मिळेपर्यंत तिथंच थांबला, हे त्याच्या कामात कुठंही लिहिलेलं नाही. शिरेतून लोह देणं सुरू झालं आणि डॉक्टरांनी बाळंतपण हॉस्पिटलमधेच करायचं म्हणून बजावलं.

आता फॉर्मवर ‘घर बंद’ पुढे नवा रकाना आलाय, माणसं कामाला कुठं जातात आणि किती वाजता भेटतात. तो रिकामा असेल तर मावशी फॉर्म घेतच नाहीत. मला तर थेट कडियानाक्यावरच मशीन घेऊन बसायचंय, पण भर रस्त्यात रक्त तपासायचं तर वेगळी परवानगी लागते, मॅडमनी एथिक्स कमिटीला अर्ज टाकलाय.