चीन ४१ वेळा, मच्छीमार एकदा

परवा आमच्या ज्युनियरचा ड्राफ्ट आला, विषय श्रीलंका आणि भारताची सुरक्षा, पानं २२. वाचायच्या आधीच कंट्रोल एफ दाबून मोजलं तर चीन ४१ वेळा, हंबनटोटा, म्हणजे श्रीलंकेचं चीनच्या कर्जावर बांधलेलं बंदर, १८ वेळा आणि मच्छीमार एकदा, तोही तळटीपेत. पोरगा हुशार आहे, राबतोही भरपूर, पण दिल्लीतल्या थिंक टँकमध्ये सहा महिने काढले की सगळ्यांचंच असं होतं, माझंही झालं होतं.

हिंद महासागर डेस्कची हेड म्हटलं की गावाकडे वाटतं ही दिवसभर पाणबुड्या मोजते. कसलं काय, अर्धा दिवस दुसऱ्यांचे ड्राफ्ट छाटण्यात जातो, उरलेला निधीच्या मेलांमध्ये, आणि एखादं चिनी जहाज श्रीलंकेत लागलं की संध्याकाळी चॅनेलवाले, ‘मॅडम, दोनच मिनिटं’. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युआन वांग ५ हे उपग्रहांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला आलं तेव्हा तर मोबाइल स्विच ऑफ करून बसले होते.

आता हंबनटोटावर लिहूच नये असं नाही. पण ‘कर्ज फिटलं नाही म्हणून चीनने बंदर ताब्यात घेतलं’ हे वाक्य दिसलं की मी ते उडवते. २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या लीजचे जे १.१२ अब्ज डॉलर आले त्यातून बंदराचं कर्ज फेडलंच नव्हतं, ते डॉलर परकीय गंगाजळीत गेले आणि कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. हे माहीत असणारे लोकही तेच वाक्य लिहितात, कारण ते वाचायला सोपं जातं.

माझं डोकं ताळ्यावर आलं ते जाफन्यात, श्रीलंकेच्या उत्तर टोकाला. एका वर्कशॉपला गेले होते, सकाळभर आम्ही भारतीय लोक चीनवर बोललो, समोरचे सभ्यपणे ऐकत होते. जेवण झाल्यावर तिथले एक आजोबा म्हणाले चला, आणि किनाऱ्यावर नेऊन जाळं पसरून दाखवलं. मधोमध फाटलेलं, हात घातला तर खांद्यापर्यंत आरपार. तामिळनाडूचे ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी, आठवड्यातून ठरलेल्या तीन रात्री येतात आणि त्या रात्री हे लोक समुद्रात उतरतच नाहीत. २००९ मध्ये तिथलं यादवी युद्ध संपलं, आता मासेमारी सुरू होईल म्हणून बसले होते, तर समोर आपल्या बोटी. तळ खरवडणारी ही ट्रॉलिंग श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंद केली, त्याच वर्षी आपणही २००० ट्रॉलर बदलून खोल समुद्रातल्या बोटी द्यायच्या म्हणून १६०० कोटींची योजना काढली, पण बोटी बदलल्या फारच थोड्या. आणि रामेश्वरमचा खलाशीही काही चैनीत नसतो, मालक वेगळा, पकडला जातो हा.

त्या जाळ्याकडे बघताना मला मामा आठवला. मालवणला तो फोनवर कर्नाटकातल्या मलपीच्या ट्रॉलरांबद्दल नेहमी हेच सांगतो, ‘मलपीवाले इले, रात्रीचे येतत आणि सगळा उपसून नेतत’. म्हणजे मालवणात आम्ही जाफन्याचे आणि जाफन्यात आम्ही मलपीवाले! तिथे ‘प्रादेशिक सुरक्षेला धोका कुणाचा’ हा प्रश्न विचारायची मला खरंच लाज वाटली.

तर ज्युनियरला म्हटलं, चीन राहू दे पण १० पानांत बसव, बाकी पानं समुद्रात कोण उतरतं त्याच्यावर लिही. तो म्हणाला, मॅडम, हे सिक्युरिटीत येतं का? मी म्हटलं, आपले खलाशी तिथल्या जेलमध्ये, त्यांचं नौदल आपल्या बोटींच्या मागे, दर पकडापकडीला चेन्नईहून दिल्लीला पत्र, अजून काय पाहिजे. पोराने तीन आठवडे घासून मस्त पेपर केला, पान ९ वर त्या जाळ्याचा माझा फोटोपण टाकला.

काल अंतर्गत चर्चा झाली. एक निवृत्त साहेब, माणूस खरंच चांगला, पूर्ण पेपर वाचून आले होते, पेन्सिलने खुणाबिणा केलेल्या. म्हणाले, ‘बाकी उत्तम आहे, फक्त चीन थोडा कमी पडतोय.’ ज्युनियर माझ्याकडे बघायला लागला आणि मला क्षणभर वाटलं की मामाला फोन लावावा आणि सरळ स्पीकरवर टाकावा.