कुठेच न जोडलेली रेल्वे: नॉर्मंटन ते क्रॉयडन

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, कार्पेंटेरियाच्या आखाताजवळ नॉर्मंटन नावाचे गाव आहे. केर्न्सहून तिथे जायला सातशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापावा लागतो आणि आम्ही तो ऑगस्टमध्ये, म्हणजे कोरड्या ऋतूत, दोन दिवसांत कापला. अथर्टनच्या पठारावरची हिरवळ मागे पडली की विरळ झाडांचे, तांबड्या मातीचे आणि पुरुषभर उंचीच्या वारुळांचे माळरान सुरू होते आणि ते संपतच नाही. काही ठिकाणी डांबर एकाच गाडीपुरते आहे. मागे तीन लांबलचक ट्रेलर ओढणारा रोड ट्रेन समोरून येताना दिसला की आपली गाडी वेळीच कडेच्या मुरमावर उतरवायची आणि धुरळा खाली बसेपर्यंत थांबायचे, हे पहिल्याच दिवशी अंगवळणी पडले.

गाव लहान आहे. वस्ती हजार-दीड हजाराच्या घरात आणि तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी समाजांचे. ही भूमी कुथार्न, कुकाज आणि कुर्तिजार लोकांची. गोरे गुराखी आले तेव्हा त्यांच्यासोबत बंदुका आणि सरकारी घोडेस्वार पोलीसही आले आणि या माळावर पुष्कळ रक्त सांडले. हे मनात न ठेवता नॉर्मंटनचा रुंद रस्ता पाहू नये, असे मला वाटते. गावाचा जन्मही संकटातूनच झाला. पश्चिमेकडचे बर्कटाउन हे बंदर १८६६ मध्ये तापाच्या साथीने ओस पडले, लोकांना स्वीअर्स बेटावर हलवावे लागले आणि नव्या जागेच्या शोधात विल्यम लँड्सबरो यांनी नॉर्मन नदीकाठचा हा उंचवटा निवडला. नदीला आणि गावाला नाव मिळाले ते विल्यम नॉर्मन या जहाजाच्या कप्तानाचे. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या हरवलेल्या मोहिमेचा शोध घेण्यासाठी ते आखातात आले होते.

त्या मोहिमेचा शेवटचा उत्तरेकडचा तळ, क्रमांक ११९, गावापासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. तिथे आता खुणा कोरलेल्या झाडांचे अवशेष, एक स्मारक आणि पक्ष्यांचे आवाज एवढेच उरले आहे. मेलबर्नहून ऑगस्ट १८६० मध्ये निघालेली ही माणसे फेब्रुवारी १८६१ मध्ये इथे पोहोचली. बर्क आणि विल्स एक घोडा घेऊन पुढे गेले, भरतीचे खारे पाणी त्यांना मिळाले, पण चिखल आणि खारफुटी यांमुळे समुद्र डोळ्यांनी दिसला नाही आणि ते तसेच परतले. परतीच्या वाटेवर दोघेही मेले. सोबतचा जॉन किंग वाचला, तो कूपर क्रीक या नदीकाठच्या यांद्रुवांधा आदिवासींनी सांभाळले म्हणून. या मोहिमेचे चोवीस उंट कराचीहून जहाजाने नेले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती हे आठवले आणि त्या ओसाड तळावर मला क्षणभर आपल्याकडचेच काहीतरी पडून राहिल्यासारखे वाटले.

बुधवारी सकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. गोलाकार पत्र्याच्या भल्यामोठ्या छपराखाली गल्फलँडर उभी होती: बसच्या आकाराची डिझेलवर चालणारी जुनी रेलमोटर आणि मागे डबे. नॉर्मंटन ते क्रॉयडन हा १५२ किलोमीटरचा मार्ग देशातल्या दुसऱ्या कोणत्याही रेल्वेला कधीच जोडला गेला नाही. मूळ बेत दक्षिणेला क्लॉनकरीपर्यंत जाण्याचा होता. पण १८८५ मध्ये क्रॉयडनला सोने सापडले, मार्ग तिकडे वळवण्यात आला आणि १८९१ मध्ये गाडी क्रॉयडनला पोहोचली.

मी खरे तर स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे आधार, पाहायला गेलो होतो. जॉर्ज फिलिप्स या सर्वेक्षकाने हा मुलूख तरुणपणी पायी-घोड्यावर पाहिलेला होता. पावसाळ्यात इथली सपाटी दूरवर पाण्याखाली जाते, लाकूड वाळवी खाते, खडी आणायला जवळ डोंगर नाही. भराव घातला तर पूर तो वाहून नेणार. म्हणून त्यांनी उलट्या नाळीच्या आकाराचे पोकळ पोलादी स्लीपर तयार केले. ते सरळ जमिनीवर ठेवायचे आणि पोकळीत तिथलीच माती ठासून भरायची. पूर रुळांवरून खुशाल वाहू दे. पाणी ओसरले की मार्ग जागेवर असतो. ब्लॅकबुल या थांब्यावर गाडी चहासाठी थांबली, तेव्हा मी खाली उतरून एका स्लीपरवर हात ठेवला. पोलाद उन्हाने तापले होते आणि कडेला गवत उगवले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अंथरलेले यांतले बरेचसे स्लीपर आजही वापरात आहेत. जमिनीशी भांडण न काढता तिच्यावर निजवलेली अशी दुसरी रेल्वे मी पाहिलेली नाही.

गाडी हळू चालते आणि डुलते. शेजारी कॅरॅव्हॅन घेऊन देशभर फिरणारे एक निवृत्त जोडपे होते; चालक मध्येच वेग कमी करून पाणथळीतले ब्रोल्गा पक्षी दाखवत होते. डब्यातल्या नॉर्मंटनच्या एका आजींनी डिसेंबरनंतरचे दिवस वर्णन केले: रस्ते बुडतात, दुकानातल्या फळ्या रिकाम्या होऊ लागतात आणि सगळे जण आभाळाकडे नाही, नदीच्या पातळीकडे पाहतात. हे त्या अगदी शांतपणे सांगत होत्या.

पाच तासांनी क्रॉयडन आले. ऐन भरात इथे सात हजार माणसे होती, दारूची तिसांहून अधिक दुकाने होती. विसाव्या शतकात सोने आटले, माणसे पांगली. आज क्रॉयडनची वस्ती काही शेकड्यांत मोजावी. न्यायालय आणि जुन्या सरकारी इमारती नीट जपलेल्या आहेत, पण मला ओढ होती गावाबाहेरच्या चिनी मंदिराच्या जागेची. नव्या सोनखाणींवर चिनी माणसांना काम करायला कायद्याने मज्जाव होता, म्हणून त्यांनी भाजीपाला पिकवला आणि ज्यांनी त्यांना खाणीपासून दूर ठेवले त्यांनाच तो खाऊ घातला. १८८८ मध्ये नॉर्मंटनमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगलही झाली. आता मंदिराच्या जागी पाया आणि मातीत विखुरलेले अवशेष आहेत. ज्यांच्या भाजीवर गाव जगले त्यांची नावे मला तिथे शोधूनही सापडली नाहीत, हे मनाला फार लागले.

संध्याकाळी मी पुन्हा स्टेशनकडे गेलो. ज्या सोन्यासाठी हा मार्ग टाकला ते संपून गेले, गाडी मात्र दर आठवड्याला येते. फलाटापलीकडे रूळ थोडे अंतर जातात आणि मग गवतात थांबतात. त्या टोकाशी एक घोरपड शेवटच्या स्लीपरच्या सावलीत निवांत पडली होती. गुरुवारी सकाळी गाडीने भोंगा दिला, तेव्हाच ती उठून माळात निघून गेली.