कचरा न करणारं झाड

"ताई, अंगणात लावायला एखादं झाड सांगा. वसंतात फुललं पाहिजे, पण कचरा नको." गल्लीत कुणाची वास्तुशांत झाली, की महिन्याभरात हा प्रश्न आमच्या फाटकाशी येतोच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: कचरा न करणारं झाड प्लॅस्टिकचं असतं आणि लातूरच्या धुळीत तेही पुसावं लागतं. कोणता कचरा, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस झाडायची तुमची तयारी आहे, ते आधी ठरवा. झाडाचं नाव मग आपोआप सुचतं.

कडुनिंबाची सावली दुसऱ्या कशाला नाही, पण पावसाच्या तोंडावर निंबोळ्यांचा चिकटा पायाला लागतो. करंजाची फुलं मुरमुऱ्यांसारखी सांडतात, बघायला छान, झाडणारीला नव्हे. काटेसावर शेताच्या बांधावर शोभते. अंगणात ती घराहून मोठी होते आणि उन्हाळ्यात तिचा कापूस वाळत घातलेल्या कुरडयांवर बसतो. पळसावर माझा जीव आहे, पण त्याचं सोटमूळ खोल जातं, उपटून आणलेलं रोप सहसा जगत नाही, आणि जगलं तरी वाढायला त्याला कसली घाई नसते. बहावा लावलात तर मी काही म्हणणार नाही. हातभर लांब काळ्या शेंगा तेवढ्या उचलाव्या लागतील.

गुलमोहर मात्र घराजवळ नको. आमच्याकडे होता. मे २०१३ मध्ये अवकाळीचं वारं सुटलं आणि तो मुळासकट आडवा झाला, गच्चीवरच्या टाकीचा पाइप सोबत घेऊन. लाकूड ठिसूळ, मुळं वरच्यावर. लावताना कुणी हे सांगितलं नव्हतं.

त्या जागी जुलै २०१४ मध्ये मी रक्तकांचन लावला. वीस-पंचवीस फुटांत आटोपणारं झाड. माघात पानं गळतात, ती आठ-दहा दिवस झाडायची. मग जवळजवळ निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं येतात, एका पाकळीवर गडद रेघा ओढलेल्या. महिनाभर तरी तो असा असतो. गळलेली पाकळी चिकटत नाही, डाग पाडत नाही, दुपारपर्यंत कागदासारखी वाळते आणि वाऱ्यानं कोपऱ्यात जाऊन बसते. माझ्या सासूबाई खराट्याला हात टेकून म्हणायच्या, "रोज झाडायलाव, पण ह्याचा कटाळा येत नाही बघा." सासूबाईंकडून एवढं प्रशस्तिपत्रक मला स्वतःलाही कधी मिळालं नाही.

रोप घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. परभणीच्या माझ्या बहिणीनं एका रोपवाटिकेतून 'कांचन' आणला, चार वर्षं वाट पाहिली आणि त्याला फुलं आली ऐन दिवाळीत. तोही कांचनच, फक्त दुसरा. आपट्यासारखी जोडपानं दोघांनाही असतात, त्यामुळे रोपावरून भल्याभल्यांना कळत नाही. फूल हातात आलं की पुंकेसर मोजायचे: वसंतातल्याला बहुधा पाच, दिवाळीतल्याला तीन. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेलं झाड डोळ्यांनी बघा आणि त्याचंच बी किंवा रोप मिळवा.

आता खरं काम, खड्ड्याचं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की माझी फाटकाची किल्ली एकदा आत गेली ती गेलीच. तीच माती पावसात फुगते. अशा जमिनीत दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात नुसतं भुसभुशीत खत भरलं, तर तो पाण्यानं भरलेलं घंगाळ होतो आणि रोपाची मुळं कुजतात. वरची माती, थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत एकत्र करून भरायचं, आणि रोप आजूबाजूपेक्षा चार बोटं उंचावर बसवायचं. खड्डा एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्या. लावणी मृगाच्या पहिल्या सरीला नाही, दोन-तीन चांगले पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर. पिशवी फाडल्यावर मुळ्या गोल फिरलेल्या दिसल्या तर हातानं मोकळ्या करा, नाहीतर झाड मोठं होऊनही ती पिशवी विसरत नाही. भिंतीपासून दहा फूट तरी लांब. शोषखड्ड्यापासून त्याहून लांब.

पहिली दोन वर्षं पाण्याची. आमच्या झाडाच्या दुसऱ्या वर्षाची पाळी नेमकी दुष्काळात आली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा आमच्या नळाला थेंब नव्हता. झाडाला बादलीभर पाणी घालताना शेजारी बघतील म्हणून मला लाज वाटायची. मग जुन्या माठाच्या बुडाला छिद्र पाडलं, त्यात सुती चिंधीची वात ओवली आणि तो बुंध्यापासून हातभर अंतरावर पुरला. तांदूळ धुतलेलं, भाज्या विसळलेलं पाणी गाळून त्यात. वर तुरीच्या भुसाचा जाड थर. आठवड्याला दोन माठांत ते रोप तगलं आणि २०१७ च्या फेब्रुवारीत त्याला मोजून अकरा फुलं आली.

एक खोड त्याचीही सांगते. शेंगा वाळल्या की मे महिन्यात भर दुपारी 'टक्क' करून फुटतात आणि बिया पत्र्याच्या शेडवर उडतात. पहिल्या वर्षी यांना वाटलं पोरं दगड मारतायत, बनियनवर बाहेर जाऊन ओरडून आले. उपाय सोपा आहे. फुलं ओसरली की लगेच, मार्चअखेर, छाटणी करायची. बहुतेक शेंगा धरतच नाहीत आणि पुढचा बहर पावसाळ्यातल्या नव्या फुटव्यावर येतो. पावसाळ्यानंतर कात्री लावलीत तर त्या वर्षीची फुलं स्वतःच्या हातानं घालवलीत.

मी दरवर्षी एक फांदी मुद्दाम सोडते. तिच्या शेंगा फुटायच्या आत तोडून कागदात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. बी रात्रभर भिजत घातलं की रुजायला सोपं जातं. गल्लीतल्यांनी येऊन न्यावं, पण आधी खड्डा दाखवावा.