तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली भेट चौकोनी करा

"मला शिवणटिपण काही येत नाही, पण कुणाला तरी स्वतःच्या हातचं द्यायचंय. सुरुवात कशानं करू?" बारशाला, हळदीकुंकवाला, गणपतीत घर भरलेलं असताना हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी नुकती निवृत्त झालेली बाई. अलीकडे एक-दोन मुलगेही विचारून गेले, याचा मला फार आनंद झाला. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "आणि आपल्या रत्नागिरीच्या घामात लोकरीचं विणलेलं घालणार कोण?"

दोन्हींना मिळून माझं एकच उत्तर आहे. पहिली वस्तू चौकोनी करा आणि सुती करा.

गळा, मुंढा (बाही जोडायची गोल कड), बाही, गोलाई हे सगळं पुढचं. नव्या हाताला आधी साधते ती सरळ टीप, आणि विणकामात सुलट टाका, म्हणजे सगळ्यात आधी शिकायचा साधा टाका. एवढ्या भांडवलावर आपल्या घरात रोज लागणाऱ्या कितीतरी वस्तू होतात: बाजाराची पिशवी, तान्ह्याचं दुपटं, गरम भांडं उतरवायचं फडकं, देवासमोर बसायचं आसन. शिवाय आपली हवा दमट. पावसाळ्यात जाड, अस्तराचा कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास धरतो. सपाट, एकेरी, सुती वस्तू पंख्याखालीसुद्धा वाळते. म्हणजे शिकणाऱ्याला जे जमतं तेच इथल्या माणसाला हवं असतं. कोकणात शिवणकाम शिकणाऱ्याला हा मोठाच फायदा आहे, आणि मला तो प्रत्येकाला सांगावासा वाटतो.

पण कापडाला कात्री लावण्याआधी माणूस ठरवा. "काहीतरी करू आणि कुणाला तरी देऊ" अशानं वस्तू कपाटात राहते. मासळीबाजारात रोज जाणाऱ्या आईसाठी, असं ठरवलं की लांबी, रंग, कापड हे सगळं आपोआप ठरत जातं.

आईचंच उदाहरण घेऊ, कारण पिशवीइतकी चांगली पहिली वस्तू मला दुसरी माहीत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशव्या घरोघरी दिसतात, पण मासळीला नेता येईल अशी नेटकी पिशवी क्वचित दिसते. कापड जाड सुती घ्या. मांजरपाट चालतं, पडद्याचं उरलेलं सुती कापड तर उत्तम. ते आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच मापं घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर शिलाईपाशी चुण्या पडतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपला हातच वाईट आहे. गडद रंगाचं कापड भिजवताना पाणी रंगीत झालं, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. रंग शक्यतो गडदच निवडा. काजूच्या बोंडाचा आणि केळीच्या चिकाचा डाग पडला की तो काही निघत नाही.

४५ सेंटिमीटर रुंद आणि ९५ सेंटिमीटर लांब असा एकच तुकडा कापा. मधोमध दुमडला की तळाला शिलाईच लागत नाही, आणि पिशवी तळाला उसवते ही नेहमीची तक्रार तिथेच मिटते. आता बाजूच्या शिलाया. इथे मी नव्या माणसालाही बंद शिलाई करायला लावते. कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर पहिली टीप मारायची, दशा, म्हणजे कडेचे सुटे धागे, कापून टाकायच्या, पिशवी उलटी करायची आणि एक सेंटिमीटरवर दुसरी टीप मारायची. कापडाची कच्ची कड दोन टिपांच्या मध्ये कायमची बंद होते. मासळीचे खवले आणि भाजीची माती अडकते ती नेमकी त्या सुट्या दशांमध्ये. बंद शिलाईची पिशवी उलटी करून नळाखाली धरली की स्वच्छ होते. अस्तर घालू नका. ते दिसायला छान दिसतं, पण आषाढात वाळत नाही.

तोंडाला चार सेंटिमीटरची दुमड घाला. बंदांसाठी दहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या चौपदरी दुमडून शिवा आणि त्या तोंडाच्या दुमडीवर बसवताना चौकोन शिवून त्यात फुली मारा. मला शिकवणाऱ्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगो, टीप थोडी वाकडी गेली तर जाऊ दे, पण बंद असे लाव की चार नारळ घालून एसटीच्या मागं धावता आलं पाहिजे." मी आजही तोच निकष लावते. वस्तू द्यायच्या आधी तिच्यात नारळ घालून घरभर फिरते.

मशीनबद्दल थोडंसं. घरात जुनं पायाचं मशीन असेल, तर नवं विकत घेण्याची घाई करू नका. शिकायला पायाचं मशीन जास्त चांगलं, कारण वेग तुमच्या पावलात असतो. पहिले काही दिवस दोरा न ओवता, रेघा मारलेल्या कागदावर टीप मारत राहा. सुईची भोकं रेघेवर पडायला लागली की कापड घ्या. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६, मलमलीसारख्या पातळ कापडाला ११. खारी आणि दमट हवा सुईला फार लवकर खाते, आणि गंजलेली किंवा बोथट सुई धागे ओढते, टाके सोडते. टाके सुटायला लागले की आधी सुई बदलून बघा, मशीनवाल्याला नंतर बोलवा. पावसाळ्यात काम झालं की सुई काढून तेलाचा हात लावलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा. मशीनला तेल दिलं की आधी चिंधीवर टिपा मारा, नाहीतर भेटवस्तूवर तेलाचे ठिपके उमटतात.

ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांना मी दुपटं सांगते. खरं सांगायचं तर दुपट्यावर माझा जीव आहे. त्याला लागतो फक्त धावदोरा, सुई कापडात खाली-वर घेत पुढे जायचं, बस्स. कापड म्हणाल तर आजीचं किंवा आईचं जुनं सुती लुगडं. नऊवारी म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड, त्यात दोन दुपटी आरामात बसतात. वर्षानुवर्षं धुऊन त्याची खळ गेलेली असते आणि सूत इतकं मऊ झालेलं असतं की तसं नवं कापड दुकानात मिळत नाही. आधी ते उजेडासमोर धरून बघा आणि दोन्ही हातांनी उभं-आडवं ताणा. विरलेला भाग चर्रकन बोलतो. तो बाजूला काढा, पदराकडचा आणि काठाजवळचा भाग सहसा मजबूत असतो.

घाटावर गोधडीत चार-पाच थर घालतात. इथे तान्ह्याला दोन पुरेत. साधारण ९० सेंटिमीटरचा चौकोन घ्या, थर एकमेकांवर सपाट पसरा आणि आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी धरून ठेवा. हे कच्चे टाके घालायला कंटाळू नका, नाहीतर शेवटच्या कोपऱ्यात एक थर फुगून बसतो. मग कडा आत दुमडून कडेनं सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे यायचं. ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवलं तरी चालतं. गाठ थरांच्या मध्ये लपवायची, अंगाला लागेल अशी बाहेर ठेवायची नाही.

दुपट्याला लेस, मणी, बटणं, रिबिनी लावू नका. कितीही मोह झाला तरी नाही. सुटा लोंबता धागासुद्धा कापून टाका, तान्ह्या बाळाच्या बोटाला तो गुंडाळला गेला तर बोटाचं रक्त अडतं. दुपटं अंगाखाली घालायला, मांडीवर घ्यायला, अंघोळीनंतर गुंडाळायला द्यायचं. झोपेत तोंडावर सरकेल असं सैल पांघरूण म्हणून नाही, हे देताना आईला सांगायचं. बारसं बाराव्या दिवशी आलं, तरी दुपटं आधीच तयार असलेलं बरं, कारण ते पहिल्या दिवसापासून लागतं.

आता विणकाम आणि लोकर. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. हात बसवायला ती चांगली, कारण ती ताणली जाते आणि टाके सावरून घेते. सुती धागा ताणत नाही, त्यामुळे सुरुवातीला बोटं लवकर दुखतात. म्हणून सरावाचे पहिले तुकडे फिक्या रंगाच्या मध्यम जाड ॲक्रिलिकवर करा, टाके नीट दिसतात. द्यायची वस्तू मात्र सुतीच करा. आणि गरम भांडं उचलायचं फडकं ॲक्रिलिकचं कधीही करू नका. तो धागा उष्णतेनं वितळतो आणि हाताला चिकटतो. दिसायला गोड दिसणारी तशी फडकी लोक भेट देतात आणि मला खरोखर काळजी वाटते.

सुया घेताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडे जुनी इंग्लंडची मोजणी चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेच्या मोजणीत उलटं असतं आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. मोबाइलवर अमेरिकन बाईचा व्हिडिओ बघून रत्नागिरीच्या दुकानात त्याच नंबरची सुई मागितली, तर भलतीच जाडी हाती येते. घामट हातांना बांबूच्या सुया सोयीच्या वाटतात, त्यांच्यावरून टाके पटकन घसरत नाहीत.

४ मिलिमीटरच्या सुयांवर मध्यम जाड सुती धाग्याचे ४० टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा. दोन ओळी झाल्या की एक उठावाची रेघ दिसते. अशा जवळजवळ ४० रेघा झाल्या की वीतभर चौकोन तयार होतो. या विणीत टाके आणि रेघा यांचं प्रमाण जवळपास सारखं असतं, त्यामुळे टेपही लागत नाही. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण पुस्तकातल्या चित्रात फार सुंदर दिसते, पण तिच्या कडा स्वभावतःच वळतात. तो विणीचा गुण आहे, कुणाच्या हाताचा दोष नाही. सगळी सुलट वीण सपाट राहते आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजा. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे गेला, तर पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो. दोन्ही विणले की टाके वाढतात आणि चौकोनाचा पंखा होतो. टाके बंद करताना आधीपेक्षा थोडी जाड सुई घ्या, कड आवळत नाही.

असा एक चौकोन म्हणजे अंग घासायचं मऊ फडकं. दोन चौकोन एकमेकांवर ठेवून शिवले की गरम भांड्याचं फडकं. मग लोकरीचं कोणाला? दापोलीसारख्या उंचावरच्या गावात पौषात पहाटे चांगलं बोचतं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कानटोपी हवी असते. पुण्याला, घाटावर राहणाऱ्या भाचरांना हवी असते. तिथे लोकर जरूर द्या.

वेळेबद्दल माझं ठाम मत आहे. चैत्र-वैशाखात काही सुरू करू नका. आंबा-काजूची धांदल, पाहुणे, लग्नं, आणि हात इतके घामट की सुती धागा मळतो. आषाढात बसा. बाहेर पडता येत नाही, दुपार मोठी असते, आणि गणपतीपर्यंत पुरेसे दिवस मिळतात. चाकरमानी परत निघतात तेव्हा त्यांच्या हातात खोबरं, पोहे, कुळथाचं पीठ असतंच, ते तुमच्या पिशवीत भरून द्या. पावसातलं काम देण्याआधी पुरतं वाळवून घ्या आणि वर एका कागदावर धुवायची रीत लिहा: साध्या पाण्यात की गरम, मशीनमध्ये चालेल की नाही. माणसं हातच्या वस्तू जपून ठेवतात त्याचं अर्धं कारण धुवायची भीती असते. आणि देताना "जरा वाकडंच झालंय हं" असं म्हणू नका. ती पिशवी तुम्ही तिच्यासाठी शिवलीत, ती आनंदानं हातात द्या.

क्लास लावावा का, हेही विचारलं जातं. नोकरी-धंद्यासाठी शिकायचं असेल तर आयटीआयचा वर्षभराचा शिवणकामाचा अभ्यासक्रम चांगला. भेटवस्तूंसाठी शेजारची जाणती बाई पुरते, आठवड्यातून एखादी दुपार तिच्याजवळ बसायचं. व्हिडिओत टाका दिसतो, पण धागा किती ओढून धरायचा ते दिसत नाही, ते तिच्या हाताला हात लावून कळतं. चौकोनांनंतर झबल्याकडे वळलात आणि मुंढ्याला उरेब पट्टी (तिरकी कापलेली पट्टी) बसेना, तर गावातल्या टेलरकडे जा. माझा अनुभव आहे की टेलर मनापासून शिकवतात. फक्त जूनमध्ये गणवेशांच्या वेळी आणि दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. श्रावणातल्या एखाद्या दुपारी जा, कापड आणि अर्धवट झबलं बरोबर घेऊन.