मुळाला धरलेला फणस

१४ जून, जांबोटीजवळ, मामाकडे

कालपासून पाऊस नुसता ओतायलाय. सकाळी मामी परसात गेली ती तिथूनच ओरडली, "वास बघ रे येऊन!" थोरल्या फणसाच्या बुंध्याशी माती फुगून तडकलेली आणि भेगेतून तो घमघमाट. फळ पार मुळालाच धरलेलं. झाड म्हातारं झालं की फणस खाली खाली उतरतो, असं मामा नेहमी सांगतो. हे झाड त्याच्या आज्यानं लावलेलं.

उकरलं तर आमच्या आधी साळिंदर जेवून गेलेलं. उरलेला फणस मामानं कोयत्याला खोबरेल लावून फोडला. मी हाताला तेल लावायचं विसरलो, दुपारपर्यंत बोटं चिकटलेली. चिकापुढं साबणाचं काही चालत नाही.

निघाला बरका, मऊ रसाळ गऱ्यांचा. बेळगावात सगळ्यांना कडक गऱ्यांचा कापा लागतो. मला नाही पटत, रस वाळवून साठं घालायची तर बरकाच हवा. हा मात्र पावसानं पाणचट झालेला.

पण लिहायचंय ते पातींबद्दल. गऱ्यांमधल्या या पिवळट पट्ट्या लहानपणापासून म्हशीपुढं टाकत आलोय. फणस हे एक फळ नव्हेच. शेकडो मादी फुलं एका दांड्याभोवती दाटून एकजीव होतात. सालीवरचा एकेक काटा म्हणजे एकेक फूल. पराग मिळाला त्याचा गरा आणि आठळी, नाही मिळाला त्याची पाती. नरफुलं त्याच झाडावर, पण वेगळ्या कणसांत. ती काळी पडून गळायची आणि आम्ही हळहळायचो, कोवळे फणस गेले म्हणून!

मामाला हे सांगितलं. तो फोडलेल्या फणसाकडं बघत म्हणाला, "मग ह्येला परागच घावला नाही की गा." खरंच, उरलेल्या भागात गरे २८, बाकी सगळी पाती. इतक्या खाली, मातीत, पराग घेऊन यावं तरी कुणी?

मामीचं म्हणणं, कन्नडात फणसाला हलसू म्हणतात, त्यावरूनच आपली हलशी. कदंब राजांच्या ताम्रपटांत मात्र त्या गावाचं नाव पलाशिका आहे. पण ती आठळ्या धूत होती, मी गप्प बसलो.

आठळ्या आता चुलीच्या राखेत आहेत. मामानं खड्डा बुजवला नाही. म्हणाला, "साळिंदर रातचं परत येतंय काय बघू."