जुलैत बघायचं घर

रत्नागिरीत भाड्याची जागा शोधायला मी फेब्रुवारीत आले, इथेच पहिली चूक झाली. फेब्रुवारीत हे गाव दाखवण्याच्या कार्यक्रमाला बसल्यासारखं असतं. आंबे मोहरलेले, हवा गोड, समुद्र निळा आणि एकूण वागणं शालीन. आम्ही सांगलीकडची माणसं. समुद्र दिसला की आमची अक्कल तशीही गुडघ्यात जाते.

एजंटने एका दिवसात पाच फ्लॅट दाखवले. माळनाक्याचा अंधारा होता, नाचणे रोडचा चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, कुवारबावचा हायवेला खेटून. चौथा आता आठवतही नाही. पाचवा मांडवीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, हॉलला पश्चिमेची बाल्कनी. एजंटने दार सरकवलं आणि शहाण्यासारखा गप्प उभा राहिला. समोर समुद्र. मी पाण्याचं विचारलं नाही, भिंतीला हात लावला नाही. कोपऱ्यातली एकच भिंत ताजी रंगवलेली का, हेही विचारलं नाही. "घेते," म्हणाले.

जिना उतरताना तळमजल्यावरच्या काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कुठचा बघितलात? पश्चिमेचा?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "हं." एवढंच. त्या 'हं'चा अर्थ कळायला मला जुलै उजाडावा लागला.

करार अकरा महिन्यांचा. माणूस मशीन घेऊन घरीच आला. मालकांचा अंगठा काही केल्या उमटेना. जन्मभर सुपाऱ्या सोलल्याने रेषा गेल्या, असं त्यांचं म्हणणं. थोडं खोबरेल, थोडी फुंकर, आणि नवव्या खेपेला मशीनने त्यांना ओळखलं. करार नोंदवायची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकलेली आहे. करार लेखी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडेकरूच्या बाजूचा असा कायदा आहे हे वाचून मला दोन दिवस उगीच ताठ चालल्यासारखं वाटलं.

मग मृग लागला.

पाऊस वरून पडतो, अशी माझी तोवर समजूत होती. रत्नागिरीत तो समोरून येतो. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, म्हणजे सांगलीच्या चार-पाच पट, आणि त्यातला बराचसा नैऋत्येच्या वाऱ्यावर बसून थेट माझ्या बाल्कनीत. आधी सरकतं दार सरकेनासं झालं. मग त्याच्या खालून पाणी आत यायला लागलं. गोणपाट टाकलं, ते चार दिवसांत कुजलं. ताज्या रंगाच्या भिंतीवर एक पिवळट डाग उमटला, आठवड्याने त्याला पोट सुटलं आणि एका रात्री त्या पोटाचा पापुद्रा माझ्या ताटाशेजारी येऊन पडला. मीठ बरणीतून चमच्याने खरवडून काढायचं. काडेपेटी उशाखाली ठेवायची. कपाटातला चामडी पट्टा काढला तर त्याच्यावर हिरवी-पांढरी लव, मांजराच्या पिल्लाच्या पाठीसारखी मऊ. मी ती क्षणभर बोटाने गोंजारलीसुद्धा, खोटं कशाला सांगू.

आणि समुद्र? तो दिसतच नव्हता. पांढरा पडदा आणि त्याच्या मागे गुरगुर.

इथल्या जुन्या घरांना हे सगळं ठाऊक होतं. म्हणून तर कौलं डोक्याला लागतील इतकी खाली उतरवलेली, पुढे पडवी, आणि पावसाच्या तोंडच्या बाजूला मे महिन्यातच विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधून घेतलेले. नंतर बिल्डर आले आणि पुण्याचाच नकाशा घेऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. आता प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड दिसते. म्हणजे स्लॅबच्या डोक्यावर शेवटी छप्पर आलंच.

जुलैअखेर मी नोटीस दिली आणि भर पावसात पुन्हा घरं बघायला निघाले. एजंट म्हणाला, "मॅडम, पावसात कोण घर बघतं?" मी म्हटलं, "ज्याने एकदा उन्हात बघितलंय, तो."

या खेपेला दारातच चपला काढून अनवाणी फिरायचं. तळव्याला ओल लगेच कळते. कपाट उघडून आत डोकं घालून वास घ्यायचा. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून दहा आकडे मोजायचे. एका घरात कॅलेंडर कमरेच्या उंचीवर टांगलेलं होतं. मी ते उचललं. मागे नेमका कॅलेंडरएवढा काळा डाग. "ती कॅलेंडरचीच जागा आहे हो," मालक म्हणाले.

मेमधल्या पाण्याचंही विचारायला लागले. शीळ धरणाचं नळाला किती वेळ येतं, विहीर आहे का, ती एप्रिलमध्ये कुठपर्यंत जाते. मालकांचेही प्रश्न असतातच. मूळ गाव कुठलं, आडनाव काय, आणि मग आवाज उतरवून, "मासे खाता ना?" मी बिचकतच हो म्हटलं. "मग बरं. खालच्या मजल्यावर रोज असतात, आधीचे लोक त्या वासाने गेले."

ही जागा थिबा पॅलेस रोडला आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि त्याचा राजवाडा पुरा झाला 1910 मध्ये. चोवीस वर्षं गडी दुसऱ्याच्या बंगल्यात. मंडालेचा राजा असून कुठल्या भिंतीला पोपडे येतात हे त्याला नक्की पाठ झालं असणार. आपल्या वाड्यात मग त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली.

मी घेतलेल्या फ्लॅटच्या खिडकीतून शेजारचा फणस आणि कुणाचे तरी वाळत घातलेले, म्हणजे न वाळणारे कपडे दिसतात. तोंड पूर्वेला. भिंती कोरड्या. तौक्ते वादळातसुद्धा वरचा पत्रा हलला नाही, असं मालकांनी मुंबईहून फोनवर तीनदा सांगितलं. अट एकच. दोनपैकी एका खोलीला त्यांचं कुलूप राहणार. "आमची आपली एक खोली. गणपतीत येतो आम्ही." भाडं मात्र दोन्ही खोल्यांचं. मी खूप घासाघीस केली, पाचशे रुपये सुटले.

गणपतीच्या आदल्या दिवशी ते सहकुटुंब आले, पाच माणसं आणि नऊ पिशव्या. मोठ्या ऐटीत कुलूप काढलं. मेपासून बंद खोली. गाद्यांवर, उशांवर, देवाच्या पाटावर तीच माझ्या ओळखीची मऊ लव. काकी नाकाला पदर लावून मागे सरल्या आणि माझ्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "अगो, तुझ्याकडे वास नाही येत तो?"

पाचही जण दीड दिवस माझ्याच खोलीत झोपले. मी हॉलमध्ये, गणपतीशेजारी.